'नॉटिलस' पाणबुडीची रसिकनिर्मित चित्रे आणि कॅप्टन नेमोचे भारतीयत्व : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न (१८२८-१९०५) याच्या समुद्रतळावरील प्रवासाच्या कादंबरीतील 'नॉटिलस' ही पाणबुडी जगातील सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक पाणबुडी मानली जाते. ही कादंबरी १८६९-७० मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८७१ मध्ये तिची सचित्र आवृत्ती निघाली. तेव्हापासून या पाणबुडीची जी असंख्य चित्रे निर्माण झाली, त्यांपैकी बहुसंख्य चित्रे प्रकाशकाने अथवा चित्रपटसंस्थेने काढवून घेतलेली नाहीत. वाचकांनी व प्रेक्षकांनी केवळ आवडीपोटी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ती काढली आहेत. प्रस्तुत लेखात अशा चित्रांना 'रसिकनिर्मित चित्रे' असे म्हटले असून त्यांत आराखडे, छेदचित्रे, लहान प्रतिकृती व संगणकावर घडविलेली त्रिमित रूपे यांचाही समावेश केला आहे.

साहित्येतिहासात अशा चित्रांना फारसे स्थान मिळत नाही. ती हौशी मंडळींची करमणूक समजली जाते. तथापि एखादी कादंबरी पिढ्यानपिढ्या कशी वाचली गेली, तिच्यातील कोणता भाग लोकांच्या मनात राहिला आणि कोणता गळून पडला, हे सांगणारे पुरावे म्हणून या चित्रांचे मोल मोठे आहे. नॉटिलसच्या बाबतीत गळून पडलेला भाग भारतीय वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. या पाणबुडीचा निर्माता आणि स्वामी कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र असून तो १८५७ च्या उठावात लढलेला आहे, असे व्हर्नने स्वतः लिहून ठेवले आहे. असे असता नॉटिलसच्या चित्रांत भारत कोठे आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

संहितेतील नॉटिलस

रसिकनिर्मित चित्रांचा विचार करण्यापूर्वी मूळ संहिता काय सांगते हे पाहणे आवश्यक आहे. व्हर्नने १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात 'प्लाँजर' या फ्रेंच पाणबुडीची प्रतिकृती पाहिली होती. 'नॉटिलस' हे नाव मात्र त्याने अमेरिकन संशोधक रॉबर्ट फुल्टन याच्या १८०० मधील पाणबुडीवरून घेतले. नाव उसने असले तरी नौकेचा तपशील त्याचा स्वतःचा आहे आणि तो एखाद्या अभियंत्याच्या टिपणासारखा नेमका आहे. नौकेची लांबी ७० मीटर, अधिकतम रुंदी ८ मीटर, आकार दोन्ही टोकांस निमुळत्या होत गेलेल्या लांबट चिरूटासारखा, कवच दुहेरी पोलादाचे, चालना विजेची. जेवणघर ५ मीटर, ग्रंथालय ५, दिवाणखाना १०, कप्तानाची खोली ५, पाहुण्या प्राध्यापकाची खोली अडीच आणि हवेचा साठा साडेसात मीटर, अशी पुढील अर्ध्या भागाची मापे दिलेली असून त्यांची बेरीज बरोबर ३५ मीटर येते. मागील भागात यंत्रागारच २० मीटर लांबीचे आहे.

ही मापेच रसिकांना चित्र काढण्याचे आमंत्रण देतात. कागद, पट्टी आणि पुस्तक हाती असले की कोणालाही नॉटिलसचा आराखडा मांडता येतो. असा आराखडा मांडणारा वाचक नकळत संहितेची तपासणीही करतो. उदाहरणार्थ, नौकेचे वजन १३५६.४८ टन आणि बुडण्यासाठी टाक्यांत घ्यावयाचे पाणी १५०.७२ टन असे व्हर्न सांगतो. त्यांची बेरीज १५०७.२ होते. नौकेचा एक दशांश भाग पाण्यावर राहतो या त्याच्या विधानाशीही हाच आकडा जुळतो. परंतु मजकुरात नौकेचे घनफळ १५००.२ घनमीटर असे छापलेले आहे. ही सात घनमीटरांची तफावत बहुधा लेखनाची वा छपाईची चूक असावी. केवळ कथा वाचणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही, आराखडा काढणाऱ्याच्या येते. रसिकाचे चित्र हे वाचनाचे एक काटेकोर रूप ठरू शकते, ते या अर्थाने.

संहितेत आणखी एक बाजू आहे. नौकेची पोलादी पत्रे कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेली असून ती मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांसारखी दिसतात, असे वर्णन येते. कथेच्या आरंभी साऱ्या जगाला ही नौका म्हणजे एक प्रचंड समुद्रप्राणी वाटतो. म्हणजे एकाच संहितेत यंत्र आणि श्वापद अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. पुढील दीडशे वर्षांची चित्रे या दोन रूपांमध्येच हेलकावे खात राहिली.

पहिली चित्रे व चित्रपटाचा प्रभाव

१८७१ च्या सचित्र आवृत्तीत एदुआर रिऊ व आल्फाँस द नव्हिल या दोन चित्रकारांची १११ चित्रे होती. लाकडी ठशांवर कोरलेल्या या चित्रांत समुद्रतळ, दिवाणखाना, काचेच्या खिडक्या व पात्रे यांना मुख्य स्थान आहे. नौकेचे बाह्यरूप मोजक्या ठिकाणी व तेही साधेच दाखविलेले आहे. वाचकाच्या कल्पनेला त्यामुळे मोकळे रान मिळाले.

हे मोकळे रान १९५४ मध्ये बरेच आटले. त्या वर्षाच्या डिसेंबरात वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा चित्रपट प्रदर्शित झाला. हार्पर गॉफ या कलावंताने त्यासाठी नॉटिलसचे नवे रूप घडविले. डिस्ने यांचा कल गुळगुळीत, चिरूटाच्या आकाराच्या नौकेकडे होता. गॉफचा युक्तिवाद असा की, ज्या नौकेला खलाशी राक्षसी प्राणी समजतात ती प्राण्यासारखी दिसलीच पाहिजे. परिणामी पाठीवर दातेरी कणा, डोळ्यांसारख्या गोल खिडक्या आणि सर्वांगावर रिव्हेटांच्या रांगा असलेली, मगर व शार्क यांची आठवण करून देणारी नॉटिलस पडद्यावर आली. चित्रपटास कलादिग्दर्शन व विशेष दृश्ये यांसाठी ऑस्कर पारितोषिके लाभली. योगायोगाने त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेची 'नॉटिलस' ही जगातील पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी जलावतरित झाली होती. त्यामुळे या नावाभोवतीचे कुतूहल शिगेला पोहोचले.

या चित्रपटाचा दुसरा परिणाम भारतीय दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९१६ च्या अमेरिकन मूकपटात नेमो हा भारतीय राजपुत्र म्हणून दाखविला गेला होता. १९५४ च्या चित्रपटात ही भूमिका इंग्लिश नट जेम्स मेसन याने केली आणि भारताचा उल्लेख पूर्णपणे वगळला गेला. जगभरच्या रसिकांच्या मनात याच चित्रपटाची नॉटिलस ठसली. तिच्याबरोबर स्वामीचे विस्मरणही ठसले.

रसिकांचे दोन संप्रदाय

त्यानंतरच्या रसिकनिर्मित चित्रांत ढोबळमानाने दोन संप्रदाय दिसतात. पहिला चित्रपटनिष्ठ. या संप्रदायातील मंडळी गॉफच्या आकाराचे प्रत्येक रिव्हेट मोजून प्रतिकृती करतात, रेडिओच्या साहाय्याने तळ्यात बुडणारी व वर येणारी लहान नॉटिलस बनवितात, गंजलेल्या लोखंडाचा रंग हुबेहूब साधतात. दुसरा संप्रदाय संहितानिष्ठ. तो व्हर्नने दिलेली मापे प्रमाण मानतो आणि ७० मीटरांच्या निमुळत्या नौकेत प्रत्येक खोली कोठे बसेल याची छेदचित्रे काढतो. गेल्या तीन-चार दशकांत वाफेच्या यंत्रयुगाचे कल्पनारम्य पुनरुज्जीवन करणारी 'स्टीमपंक' शैली लोकप्रिय झाली. १९८७ मध्ये रूढ झालेल्या या संज्ञेखाली पितळ, दंतचक्रे व वाफ यांचे प्राबल्य असलेली नॉटिलसची चित्रे मोठ्या संख्येने निघाली. मूळ नौका वाफेवर नव्हे, विजेवर चालते, याचा विसर त्यांतील कित्येकांना पडलेला दिसतो.

दोन्ही संप्रदायांत दिवाणखाना हा आवडीचा विषय आहे. मोठी गोल खिडकी, बाहेर माशांचे थवे, आत वाद्य वाजविणारा एकाकी कप्तान, हे दृश्य पुनःपुन्हा रंगविले जाते. त्याच्या शेजारची कप्तानाची साधी खोली मात्र सहसा उपेक्षित राहते. या खोलीतील भिंतीवर व्हर्नने काही व्यक्तिचित्रे टांगलेली आहेत. पोलंडचा कोश्चुश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओ'कॉनेल, इटलीचा मानिन, अमेरिकेचे वॉशिंग्टन व लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढून फासावर गेलेला जॉन ब्राउन यांची ती चित्रे आहेत. नेमोच्या मनाचा खरा नकाशा या भिंतीवर आहे. नॉटिलस ही विलासी शास्त्रज्ञाची नौका नसून पराभूत झालेल्या एका स्वातंत्र्ययोद्ध्याची नौका आहे, हे त्या चित्रांवरून समजते.

बुंदेलखंडाचा राजपुत्र

व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो हा पोलिश उमराव होता. १८६३ च्या पोलिश उठावात रशियाने ज्याचे कुटुंब नष्ट केले असा तो सूडाने पेटलेला पुरुष होता. रशियातील वाचक व राजकीय संबंध दुखावतील या भीतीने प्रकाशक हेत्सेल याने त्यास विरोध केला. म्हणून पहिल्या कादंबरीत नेमोचे राष्ट्र गुप्तच राहिले. तरीही तिच्यात एक सूचक प्रसंग आहे. सिलोनजवळ मन्नारच्या आखातात एका गरीब मोती काढणाऱ्यावर शार्क झडप घालतो. नेमो स्वतः त्याच्याशी झुंजतो आणि त्या माणसाच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो. हा मनुष्य पीडित देशाचा रहिवासी आहे आणि आपणही त्याच देशाचे आहोत, अशा आशयाचे उद्गार तो नंतर काढतो. मराठीत समुद्रतळाशी बुडी मारणारा तो 'पाणबुड्या' आणि समुद्राखालून जाणारी ती 'पाणबुडी'. या प्रसंगातील दोन्ही टोके मराठी भाषेने एकाच शब्दात आधीच बांधून ठेवली आहेत.

उलगडा झाला तो १८७४-७५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या गूढ बेटाच्या कादंबरीत. तीनुसार नेमोचे खरे नाव राजपुत्र डक्कार. तो बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा व टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्यांपैकी नातलग. दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत तो युरोपात शिकला, १८४९ मध्ये स्वदेशी परतला आणि १८५७ च्या उठावात आघाडीवर लढून वारंवार जखमी झाला. त्याच्या शिरावर बक्षीस लागले, कुटुंब नष्ट झाले, आणि मूठभर सोबत्यांसह एका निर्जन बेटावर जाऊन त्याने नॉटिलस बांधली. नौका बांधण्याची रीतही भूमिगत क्रांतिकारकाला शोभेल अशीच आहे. कणा फ्रान्सच्या क्रूझो येथून, पत्रे लिव्हरपूलहून, मळसूत्री पंखा ग्लासगोहून, यंत्र प्रशियाच्या क्रुपकडून, उपकरणे न्यूयॉर्कहून, अशी प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या नावांनी मागविली गेली. ज्यांच्याविरुद्ध नौका उभी राहणार होती त्यांच्याच कारखान्यांत तिचे भाग घडले आणि कोणासही पूर्ण आराखडा कळला नाही.

टिपूशी जोडलेले नाते इतिहासाच्या दृष्टीने पटण्याजोगे नाही. तथापि बुंदेलखंडाची निवड निरर्थक म्हणता येणार नाही. छत्रसालाच्या साहाय्यास बाजीराव पेशवे १७२९ मध्ये धावून गेल्यानंतर या प्रदेशात मराठ्यांची सत्ता रुजली. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. उत्तरेतील बांदा संस्थानचे नवाब हे बाजीराव व मस्तानी यांचे वंशज असून तेथील नवाब अली बहादूर (दुसरे) यांनी १८५७ च्या उठावात भाग घेतला आणि संस्थान गमावले. हिंदू व मुस्लिम वारसा एकत्र आलेला, राज्य गमावलेला बुंदेलखंडी सत्ताधीश ही व्हर्नच्या कल्पनेत विसंगत वाटणारी व्यक्ती प्रत्यक्ष इतिहासात अगदीच अशक्य नव्हती. त्याच काळी पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात सापडले होते. त्यांचा 'माझा प्रवास' हा वृत्तान्त चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रकाशात आणला. नेमोच्या कल्पित आयुष्यातील जो अध्याय युरोपीय वाचकाला दूरच्या देशातील दंतकथा वाटतो, त्याची पार्श्वभूमी कोकणच्या वाचकाला स्वभाषेतील साक्षीदाराकडून उपलब्ध आहे.

पोलादी हत्ती : अलंकार आणि स्वामित्व

नॉटिलसला भारतीय रूप द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडच्या काळात मिळाले आहे. अॅलन मूर व केव्हिन ओ'नील यांच्या १९९९ पासूनच्या चित्रकथामालिकेत नेमोचे भारतीयत्व पुन्हा ठळक झाले. तिच्यावर आधारित २००३ च्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली, तर नौका लांब, निमुळती व भारतीय धाटणीच्या नक्षीने मढविलेली दाखविली गेली. त्यानंतर रसिकांच्या चित्रांतही कमानी, जाळ्या व देवमूर्ती यांनी सजलेल्या नॉटिलस दिसू लागल्या. २०२४ मध्ये आलेल्या 'नॉटिलस' या इंग्रजी मालिकेत शझाद लतीफ या नटाने ईस्ट इंडिया मर्कंटाइल कंपनीच्या कैदेतील भारतीय राजपुत्र साकारला. विस्मरण संपत आले, हे स्वागतार्हच आहे.

परंतु अलंकरणाच्या या मार्गाबद्दल व्हर्नच्याच दुसऱ्या कादंबरीवरून शंका उपस्थित होते. १८८० मध्ये त्याने वाफेवर चालणाऱ्या घराची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा आरंभ औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे होतो आणि तिच्यात नानासाहेब पेशवे हे प्रत्यक्ष पात्र आहे. नेमोप्रमाणेच १८५७ चे योद्धे असूनही येथे ते खलपुरुष म्हणून रंगविले आहेत. या कथेत इंग्रज मंडळी ज्या यंत्रावर हिंदुस्थानची सफर करतात ते यंत्र म्हणजे पोलादी हत्ती. लेऑं बेनेटच्या चित्रांनी तो प्रसिद्ध झाला. व्हर्नच्या जन्मगावी, नांत शहरात, २००७ पासून प्रवाशांना फिरविणारा १२ मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती त्याचेच स्मरण करून देतो.

या दोन यंत्रांची तुलना उद्बोधक आहे. भारतीय आकार धारण करणारे यंत्र, म्हणजे हत्ती, एका इंग्रज अभियंत्याने भूतानच्या राजाच्या हौशीखातर बांधलेले आहे. भारतीयाने स्वतः बांधलेल्या यंत्रावर मात्र भारतीयत्वाची एकही बाह्य खूण नाही. हत्तीवर परक्यांनी पाहिलेला हिंदुस्थान आहे. नॉटिलसमध्ये हिंदी माणसाने आत्मसात केलेले गणित, वीजशास्त्र व धातुविद्या आहे. नॉटिलसवर केवळ नक्षी चढविणे म्हणजे तिला पोलादी हत्तीच्या पंक्तीत नेऊन बसविणे होय. व्हर्नचा नेमो परक्यांच्या कौतुकाचा विषय होण्याचे नाकारतो. त्याचे भारतीयत्व त्याच्या नौकेच्या बांधणीमागील हेतूत आहे.

कोकणातील कलाशिक्षणाच्या संदर्भात

मराठी वाचकाला व्हर्न अपरिचित नाही. 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० च्या सुमारास त्याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप प्रसिद्ध झाले आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या कथा मराठी मुलांच्या घराघरांत पोहोचविल्या. संहितेनुसार नॉटिलस सिलोनहून लक्षद्वीपमार्गे ओमानच्या आखाताकडे जाते. अरबी समुद्रातून जाताना ती आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नसते, पण कोकणाला स्पर्श करीत नाही. तो स्पर्श चित्रकाराने घडवावयाचा आहे. चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे. रेखाटन, निसर्गचित्रण व शिल्प यांचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, गलबते व मचवे पाहत वाढलेला कोकणी तरुण आणि १८५७ चा इतिहास शिकविणारा प्राध्यापक ही तिन्ही माणसे या परिसरात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी संहिता समोर ठेवून कप्तानाच्या खोलीचे, मन्नारच्या प्रसंगाचे किंवा निर्जन बेटावरील जहाजबांधणीचे चित्र काढले, तर ते केवळ हौसेचे काम राहणार नाही. इतिहास व कला या दोन विभागांना जोडणारा तो अभ्यासक्रमपूरक उपक्रम ठरू शकेल.

निष्कर्ष

१. नॉटिलसची रसिकनिर्मित चित्रे हा कादंबरीच्या वाचनेतिहासाचा पुरावा आहे. संहितानिष्ठ आराखडे तर मूळ मजकुरातील विसंगतीही उघड करतात.

२. यंत्र व श्वापद ही दोन्ही रूपे संहितेत आहेत. १९५४ च्या चित्रपटाने श्वापदरूप प्रबळ केले आणि नेमोचे भारतीयत्व दृष्टीआड केले.

३. १९९९ नंतर हे भारतीयत्व परतले. मात्र ते प्रामुख्याने अलंकाराच्या रूपाने परतले. संहितेत ते शिक्षण, पराभव, गुप्तता व स्वातंत्र्यप्रेम यांच्या रूपाने आहे.

४. बुंदेलखंडाशी असलेले मराठ्यांचे व विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याचे नाते लक्षात घेता, नेमोच्या कथेचे चित्रण करण्याची सामग्री मराठी चित्रकाराजवळ इतर कोणाहूनही अधिक आहे.

गूढ बेटाच्या कादंबरीच्या शेवटी नेमोच्या इच्छेनुसार बेटावरील मंडळी टाक्यांच्या तोट्या उघडतात आणि नॉटिलस आपल्या स्वामीची शवपेटी होऊन खोल पाण्यात विसावते. जगभरच्या रसिकांनी ती गेली दीडशे वर्षे चित्रांतून पुनःपुन्हा वर काढली आहे. तिच्या आत कोण निजलेले आहे, हेही त्या चित्रांत दिसावे, एवढीच इतिहासाची अपेक्षा आहे.